रायगडावरच्या जगदीश्वराची साडेतीनशे वर्षे

कोकण रेल्वेने रायगडाला निघालेल्या माणसाला महाडसाठी वीर स्थानकावर उतरावे लागते. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा अगदी सुरुवातीचा टप्पा, १९९३ साली सुरू झालेला. त्याआधी मुंबईकराला गडाच्या पायथ्याशी यायचे तर एसटीला पर्याय नव्हता. वीरहून दासगाव आणि गांधारपाल्याची लेणी मागे टाकत महामार्ग महाडात येतो. तिथून नाते, कोंझर करत गाडी पाचाडला पोचते. जिजाऊंच्या समाधीला नमस्कार करून माणसे चित् दरवाजाच्या बाजूने पायऱ्या चढू लागतात, नाहीतर हिरकणीवाडीच्या रोपवेने पाच मिनिटांत वर जातात.

वर गेल्यावर पावले ठरलेल्या वाटेने पडतात. राजसदर, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ आणि शेवटी शिवाजी महाराजांची समाधी. जगदीश्वराचे देऊळ समाधीच्या वाटेवर लागते म्हणून पाहिले जाते. चपला काढायच्या, पिंडीला हात जोडायचे, मागच्या दाराने बाहेर पडायचे. गडावरचे वाडे जळाले, सदरांची छपरे गेली, शिबंदीच्या घरांची जोती गवताखाली गेली. हे देऊळ मात्र घुमटासकट उभे राहिले. ते कसे उभे राहिले, कोणी सावरले आणि सावरताना त्यात नवे काय घातले, हा रायगडाच्या इतिहासातला फारसा न सांगितला जाणारा भाग आहे.

रायरीचा डोंगर महाराजांनी १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून घेतला. राजधानी करायची ठरल्यावर गडाच्या बांधकामात आबाजी सोनदेव आणि हिरोजी इंदुलकर ही दोन नावे पुढे येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीवर तळी खोदायची, खोदून निघालेल्या दगडाचेच चिरे घडवायचे आणि त्याच दगडातून वाडे उठवायचे, असा हा उद्योग. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या वेळी गडावर हजर होता. जगदीश्वराच्या शिलालेखातले सालही राज्याभिषेकाचेच, शके १५९६, आनंद संवत्सर. राजाचे सिंहासन आणि राज्याच्या देवाचे देऊळ एकाच वर्षाचे. हा योगायोग नव्हे, ती योजना होती.

देवळाची मांडणी साधी आणि भक्कम आहे. भोवती उंच दगडी तट आणि मध्ये फरसबंद प्रांगण. देवळासमोर नंदी आहे. मूर्ती घडणीने सुबक, पण आज भग्न. सभामंडपात शिरले की जमिनीवर मध्यभागी कोरलेले कासव दिसते. गाभाऱ्याच्या भिंतीशी मारुतीची भली मोठी मूर्ती आहे आणि आत शिवलिंग. कोरीव खांबांची गर्दी नाही, शिखरावर देवदेवतांच्या ओळी नाहीत. हेमाडपंती देवळांतला नक्षीचा सोस इथे शोधून सापडायचा नाही. भिंतींची जाडी, दगडांचे नेटके सांधे आणि पावसाचे पाणी झटकन निघून जाईल असा उतार, यांवर बांधणाऱ्याचे सगळे लक्ष. सह्याद्रीच्या माथ्यावर, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात इमारत उभी करायची, तर हेच लक्ष कामाला येते.

देवळाच्या माथ्यावर घुमट आहे आणि कोपऱ्यांना मिनारासारखे छोटे बुरूज. लांबून पाहणाऱ्याला मशिदीचा भास होतो. गडावर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: शत्रूने देऊळ पाडू नये म्हणून महाराजांनी मुद्दाम ते मशिदीसारखे बांधून घेतले. गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण तपासली तर टिकत नाही. ज्या मोगली फौजेने महिनोन्महिने वेढा घालून मराठ्यांची राजधानी जिंकली, तिला हे देऊळ कोणाचे हे कळले नसेल? समोर नंदी, आत पिंडी, भिंतीवर देवनागरी लेख. खरे कारण साधे आहे. सतराव्या शतकात दख्खनेतले गवंडी निजामशाहीत, आदिलशाहीत घुमट आणि कमानी बांधूनच तयार झाले होते. वेरूळला मालोजीराजांची समाधी पाहा, तिथेही घुमट आणि कमानीच आहेत. विटा आणि चुना वापरून मोठी जागा झाकायची तर घुमट हे त्या काळचे हुकमी तंत्र होते. मराठ्यांनी ते आपलेसे केले होते. त्यामागे कोणाला फसवण्याचा हेतू शोधायचे कारण नाही.

आता तो शिलालेख जवळ जाऊन पाहू. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीत बसवलेला हा संस्कृत लेख श्रीगणेशाला वंदन करून सुरू होतो. सिंहासनावर बसलेल्या छत्रपतींच्या आज्ञेने जगाला आनंद देणारा हा जगदीश्वराचा प्रासाद झाला, असे त्यात म्हटले आहे. साल आकड्यांत नाही, शब्दांत आहे. षट् म्हणजे ६, नव म्हणजे ९, बाण म्हणजे ५, कारण मदनाचे बाण पाच. आणि भूमी म्हणजे १. हे अंक उलट्या क्रमाने वाचायचे, म्हणजे १५९६ मिळते. पुढे रायगिरीवरच्या विहिरी, तळी, बागा, वाटा, खांब, हत्तीशाळा आणि आभाळाला भिडणारी राजगृहे यांची यादी येते. हे सारे हिराजीने उभारले आणि चंद्रसूर्य असेतो ते नांदो, असे मागणे मागून लेख संपतो. म्हणजे लेख देवळावर असला तरी नोंद अख्ख्या राजधानीच्या बांधकामाची आहे. आज त्या यादीतल्या किती गोष्टी शिल्लक आहेत हे पाहायला हाच लेख हातात धरून गड फिरावा.

देवळाच्या पायरीवर आणखी एक छोटा लेख आहे. सेवेसाठी तत्पर असलेल्या हिरोजीचे नाव तिथे कोरलेले आहे. आडनाव तिथे इटळकर असे वाचले जाते; लोकांच्या तोंडी मात्र इंदुलकरच. महाराजांनी बक्षीस विचारले आणि याने धनदौलत न मागता पायरीवर नाव कोरण्याची परवानगी मागितली, म्हणजे दर्शनाला येणाऱ्या राजाच्या पायाची धूळ त्यावर पडत राहील, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, गोष्ट महत्त्वाची ही की बांधणाऱ्याने आपले नाव आणि साल दोन्ही दगडात लिहून ठेवले. पुढच्या काळात या गडावर हात चालवणाऱ्या सर्वांनी ही शिस्त पाळली असती, तर आजचे निम्मे वाद उद्भवलेच नसते.

३ एप्रिल १६८० रोजी, चैत्री पौर्णिमेला, महाराज गेले. देवळाच्या पूर्वेकडच्या दरवाजाबाहेर थोड्या अंतरावर त्यांची समाधी झाली, अष्टकोनी दगडी चौथऱ्याची. देव आणि राजा यांच्यामध्ये एका तटाचेच अंतर राहिले. पुढे नऊ वर्षांत सारे पालटले. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर झुल्फिकारखानाने, म्हणजे तेव्हाच्या इतिकादखानाने, वेढा घातला आणि १६८९ च्या नोव्हेंबरात गड मोगलांकडे गेला. त्याचे नाव इस्लामगड झाले. पुढे तो सिद्दीकडे आला आणि १७३३ मध्ये मराठ्यांना परत मिळाला. चव्वेचाळीस वर्षांच्या अंतराने परतलेल्या मराठी शिबंदीला गडावर काय अवस्थेत काय सापडले असेल, याची कल्पना करवत नाही.

पेशवाईत रायगड राजधानी नव्हता, तरी ओस नव्हता. शां. वि. आवळसकरांनी ‘रायगडची जीवनकथा’ या १९६२ सालच्या पुस्तकात जुन्या दफ्तरांमधून या काळाचे चित्र उभे केले. गडाची शिबंदी, कोठारे, देवस्थानांची पूजाअर्चा, इमारतींची डागडुजी अशा रोजच्या खर्चांतून गड कसा जिवंत होता हे त्यात दिसते. त्यातून एक गोष्ट नीट कळते. कोणतीही इमारत टिकते ती थोर वास्तुकलेमुळे कमी आणि दरसाल पावसाळ्याआधी होणाऱ्या क्षुल्लक कामांमुळे जास्त. फटीतले पिंपळाचे रोप उपटणे, निघालेला चुना भरणे, पन्हळ मोकळी करणे. ही कामे थांबली की देऊळ पडायला शत्रूची गरज उरत नाही.

ती १८१८ ला थांबली. कर्नल प्रॉथरच्या फौजेने त्या वर्षी एप्रिल–मेमध्ये पाचाड घेऊन रायगडावर तोफा डागल्या. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. गोळ्यांनी आगी लागल्या, वाडे जळाले आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती आला. त्यानंतर तिथे कोणी राहायचे कारणच उरले नाही. शिबंदी गेली, पुजारी गेले, दिवा विझला. पाऊस आणि झाडांची मुळे मात्र आपले काम करत राहिली.

पासष्ट वर्षांनी, १८८३ मध्ये, जेम्स डग्लस नावाच्या मुंबईतल्या स्कॉटिश लेखकाचे ‘बुक ऑफ बॉम्बे’ प्रसिद्ध झाले. डग्लसने रायगड पाहिला होता. समाधीत तण माजले आहे, फरशी फोडून झाडे वर आली आहेत, देऊळ घाणीने भरले आहे आणि देव जमिनीवर लोळतो आहे, असे त्याने लिहिले. शिवाजीची आता कोणाला पर्वा नाही आणि एवढ्या मोठ्या मुलखातला एकही माणूस या समाधीच्या दुरुस्तीसाठी एक रुपया देत नाही, हा त्याचा टोला महाराष्ट्राला वर्मी लागला. १८८५ च्या सुमारास गोविंद बाबाजी जोशी यांनी गडावर जाऊन आपले ‘रायगड किल्ल्याचे वर्णन’ लिहिले. सरकारने समाधीच्या देखभालीला वर्षाकाठी पाच रुपये मंजूर केले. साम्राज्य उभारणाऱ्या राजाच्या समाधीला पाच रुपये! त्या रकमेनेच लोकांना जास्त चीड आली.

डग्लसच्या ब्रिटनमध्ये त्याच सुमारास जुन्या इमारतींवरून वेगळेच भांडण पेटले होते. इंग्लंडमधल्या गावोगावच्या मध्ययुगीन चर्चचा तिथे जीर्णोद्धार चालला होता. उत्साही धर्मगुरू आणि वास्तुरचनाकार जुन्या भिंतींचा गिलावा खरवडून काढत, नंतरच्या शतकांत झालेली भर तोडून टाकत आणि तेराव्या शतकात चर्च कसे असायला हवे होते या आपल्या कल्पनेप्रमाणे नवे बांधकाम घालत. जॉन रस्किनने १८४९ मध्येच या प्रकाराला विध्वंस म्हटले होते. १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या चर्चमधल्या नियोजित कामांवरून चिडलेल्या विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्याचे म्हणणे सोपे होते. जुनी इमारत दुरुस्त करा, तिला टेका द्या, गळती थांबवा. पण तिला पुन्हा नवी करू नका. शतकाशतकांनी तिच्यावर जे लिहिले तो तिचा इतिहास आहे, आणि तो पुसायचा अधिकार आपल्याला नाही. त्यांचे दुखणे अतिकाळजीचे होते, आपले बेपर्वाईचे. पण पुढे दोन्ही प्रश्न रायगडावरच एकत्र येणार होते.

१८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून हा विषय उचलला. ३० मे रोजी पुण्याच्या हिराबागेत सभा भरली, स्मारकासाठी वर्गणी सुरू झाली आणि गावोगावचे लोक आण्या-रुपयांनी त्यात भर घालू लागले. त्यातूनच श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ उभे राहिले. १८९६ च्या एप्रिलमध्ये खुद्द गडावर शिवोत्सव साजरा झाला. उजाड माळावर शेकडो माणसे गोळा झाली, याचा अर्थ सरकारला कळायला वेळ लागला नाही. पुढच्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यात शिवोत्सवातल्या लेखनाचाच आधार घेतला गेला. वर्गणी जमली, पण समाधीवर दगड चढायला पुढची तीस वर्षे गेली. टिळक १९२० मध्ये गेले. ज्या समाधीसाठी त्यांनी आवाज उठवला ती दुरुस्त झालेली पाहायला ते नव्हते.

दरम्यान कायदा बदलला. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षणाचा कायदा झाला आणि १९०९ मध्ये रायगड संरक्षित स्मारक ठरला. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये खात्यासाठी जतनाची नियमावली छापली. तिच्यात मॉरिसच्याच विचारांचा सूर होता: आपले पहिले कर्तव्य जतन करण्याचे आहे, नव्याने घडवण्याचे नाही. सरकारचा शिवाजी महाराजांकडे पाहण्याचा दृष्टिकोनही निवळला होता. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पुण्यात शिवस्मारकाचा पाया घातला गेला. या बदललेल्या हवेत सरकार आणि मंडळ यांनी मिळून खर्च उचलला आणि १९२६ मध्ये रायगडावरच्या समाधीचे काम पूर्ण झाले.

त्या वेळी झाले ते काम मार्शलच्या नियमावलीत बसणारे नव्हते. मूळ अष्टकोनी चौथऱ्यावर नवी दगडी छत्री उभी राहिली. आज पाठ्यपुस्तकांत, कॅलेंडरवर, भाषणांच्या मागच्या पडद्यावर जी समाधी दिसते, तिचा वरचा भाग शिवकाळातला नाही, शंभर वर्षांपूर्वीचा आहे. हे सांगितले की पुष्कळांना धक्का बसतो. खरे तर बसू नये. अष्टकोनी चौथरा एकटा राहिला असता तर त्याच्यापुढे उभे राहून महाराष्ट्राचे समाधान झाले नसते, हे त्या काळच्या लोकांनी ओळखले. छत्री हे विसाव्या शतकातल्या मराठी माणसाने दिलेले उत्तर आहे, डग्लसच्या एका रुपयाच्या टोल्याला. ती जशी आहे तशी तिच्या खऱ्या सालासह पाहिली तर तिचे मोल कमी होत नाही, वाढते.

साल सांगायचे राहून गेले की काय होते, ते दहा वर्षांनी दिसले. १९३६ मध्ये समाधीजवळच्या चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा बसवला गेला. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने लोकप्रिय केलेली ही कथा, मंडळाचा पुढाकार आणि इंदूरच्या होळकरांची देणगी यांतून हा पुतळा आला. पुढे पाहणाऱ्यांनी त्यालाही शिवकाळाइतकाच जुना मानले, आणि आता त्याच्यावरून राजकारणात वाद घातले जातात. छत्री १९२६ ची, पुतळा १९३६ चा, राजसदरेवरची मेघडंबरी १९८० च्या दशकातली. या तिन्ही तारखा गडावर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असत्या तर भांडण भावनेचे झाले असते, इतिहासाचे नाही.

स्वातंत्र्यानंतर गडाकडे येणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. १९७४ मध्ये राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली, १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि १९९६ मध्ये रोपवे आला. २०१७ मध्ये राज्य सरकारने रायगड विकास प्राधिकरण नेमले, सहाशे कोटींच्या वरचा आराखडा मंजूर केला आणि पुरातत्त्व खात्यासोबत उत्खनन व जतनाची कामे सुरू झाली. हत्ती तलावाची जुनी गळती काढली गेली आणि २०२० च्या पावसाळ्यात तो काठोकाठ भरला. हे काम फोटोत फारसे दिसत नाही, पण शिलालेखात ज्या तळ्यांची नोंद आहे त्यातले एक पुन्हा पाणी धरू लागले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यात रायगड आहे.

वारसा झाल्यावर जबाबदारी कमी होत नाही. ७ जुलै २०२४ ला ढगफुटीसारख्या पावसाने पायऱ्यांवरून धबधबे वाहिले आणि पर्यटक अडकून पडले, हे त्या दिवशीच्या चित्रफितींत साऱ्यांनी पाहिले. अशा पाण्यात जगदीश्वराचा घुमट टिकवायचा तर कशाने दुरुस्त करायचे हा प्रश्न कळीचा होतो. जुन्या कामातला चुना महिनोन्महिने भिजवून, वाळूबरोबर घाण्यात मळून घेतलेला असे. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत होती. असा चुना मऊ राहतो, दगडाबरोबर थोडा हलतो, आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट तसे नाही. ते कडक बसते, ओल आत कोंडते आणि मग सिमेंट जागेवर राहून शेजारचा जुना दगडच सोलून निघतो. गावोगावच्या देवळांत ट्रस्टींनी हौसेने केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याची आणि ऑइलपेंटची हीच कथा आहे. पाटी लागते, देणगीदारांची नावे लागतात आणि दहा वर्षांत मूळ भिंत आतून कुजते.

जगदीश्वराच्या बाबतीत करण्यासारखी गोष्ट खर्चिक नाही. देवळाच्या आणि समाधीच्या जवळ एक साधा फलक हवा, मराठीत: कोणता भाग शके १५९६ चा, कोणता १९२६ चा, कोणता १९३६ चा आणि कोणता आपल्या पिढीचा. पुढे जे काही नवे बसवले जाईल त्या दगडावर त्याचे साल कोरले जावे. आणि वीरला उतरून गडावर येणाऱ्या प्रत्येकाने देवदर्शनाआधी दाराच्या उजव्या अंगाला थांबून तो लेख एकदा नजरेखालून घालावा. महाराष्ट्रातल्या देवळांच्या जीर्णोद्धार समित्यांनीही हाच पाठ गिरवावा. दुरुस्ती चुन्याने करा, जुने खरवडू नका, आणि केलेल्या कामाचे साल लपवू नका.